एकाच दाढेचे दोन आजार

तंजावरच्या राजवाड्यातील सरस्वती महाल ग्रंथालयाचे नाव मराठी वाचकाला नवे नाही. तेथील मोडी कागदपत्रे आणि संस्कृत, मराठी, तमिळ, तेलुगू हस्तलिखिते यांचा संग्रह जगप्रसिद्ध आहे. या संग्रहाला आजचे वैभव ज्यांच्यामुळे लाभले, ते भोसले घराण्यातील राजे दुसरे सरफोजी (१७७७–१८३२). १७९९ च्या तहान्वये राज्यकारभार ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती गेला आणि राजांनी आपले लक्ष विद्या व कला यांकडे वळविले. वैद्यक हा त्यांच्या विशेष जिव्हाळ्याचा विषय होता. त्यांच्या ‘धन्वंतरी महाल’ या संस्थेत आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्य अशा निरनिराळ्या वैद्यकपद्धतींचा एकत्र अभ्यास होत असे. डोळ्यांच्या रुग्णांवर केलेल्या उपचारांच्या नोंदी या ग्रंथालयात आजही जतन केलेल्या आहेत. रुग्णाची तक्रार, तपासणीत आढळलेली स्थिती, केलेला उपचार आणि सोबत रोगग्रस्त डोळ्यांची रंगीत चित्रे असे त्यांचे स्वरूप आहे.

क्ष-किरणांचा शोध लागण्यापूर्वीच्या त्या काळात एका संस्थानिकाने पाळलेली ही शिस्त आजही मार्गदर्शक ठरावी अशी आहे. आधी तपासणी, मग नोंद, मग उपचार आणि काही काळाने पुन्हा नोंद, असा तो क्रम. दातांच्या बाबतीत हा क्रम चुकला तर वाचू शकणारा दात काढला जातो, अथवा न वाचणाऱ्या दातावर वेळ आणि पैसा व्यर्थ खर्च होतो. विशेषतः एकाच दाताला आतून मज्जेचा आणि बाहेरून हिरडीचा असे दोन आजार एकाच वेळी जडलेले असतात, तेव्हा या क्रमाचे महत्त्व फार वाढते. प्रस्तुत लेखात याच दुहेरी आजाराची आणि त्यावरील उपचारांची माहिती करून घेऊ.

एक नेहमीचे चित्र

उदाहरणादाखल तंजावरमधील एखाद्या मराठी कुटुंबातील बासष्ट वर्षांच्या सेवानिवृत्त गृहस्थांची कल्पना करावी. नोव्हेंबर महिन्यात हयातीचा दाखला देण्यासाठी ते बँकेत येतात, तेव्हा त्यांचा हात सारखा उजव्या गालाकडे जात असतो. खालची उजवीकडची दाढ गेले काही महिने त्रास देत आहे. दात घासताना हिरड्यांतून रक्त येणे हे तर त्यांच्या अनेक वर्षांपासून अंगवळणी पडलेले. आता त्या दाढेने चावता येत नाही, ती किंचित हलते आणि तिच्या शेजारी हिरडीवर एक बारीक पुटकुळी येते, फुटते, पुन्हा येते. ठणका वाढला की औषधाच्या दुकानातून गोळ्या आणायच्या, चार दिवस बरे वाटते, नंतर पुन्हा तेच.

अशा वेळी सल्ला देणाऱ्यांची वाण नसते. एक जण म्हणतो, ‘‘काढून टाका, एकदाची कटकट मिटेल.’’ दुसरा म्हणतो, ‘‘रूट कॅनल करा, दाढ वाचेल.’’ दोघांचाही हेतू चांगला असतो. परंतु ही दाढ आतून आजारी आहे, बाहेरून आजारी आहे की दोन्हीकडून, हा मूळ प्रश्न दोघांपैकी कोणीच विचारलेला नसतो. या प्रश्नाच्या उत्तरावरच पुढचे सारे अवलंबून असते.

खरे तर ही दाढ सहजासहजी गमवावी अशी नाही. पहिली कायमची दाढ वयाच्या सहाव्या वर्षाच्या सुमारास उगवते. म्हणजे या गृहस्थांनी नोकरी केली त्याहून कितीतरी अधिक वर्षे त्यांच्या दाढेने सेवा बजावली आहे. चावण्याचा मोठा भार तीच उचलते. ती गेली की शेजारचे दात रिकाम्या जागेकडे कलू लागतात, समोरची दाढ खाली उतरू लागते आणि चावण्याची सारी घडी विस्कटते.

दाताची रचना

दाताच्या दर्शनी भागावर इनॅमलचे कठीण कवच असते. शरीरातील हा सर्वांत कठीण पदार्थ होय. त्याखाली डेन्टिनचा थर असतो. डेन्टिन दिसायला घट्ट असले तरी त्यात असंख्य अतिसूक्ष्म नलिका असतात. त्याच्याही आत, दाताच्या गाभ्यात, रक्तवाहिन्या व मज्जातंतू असलेला मऊ भाग असतो. त्याला दंतमज्जा म्हणतात. दंतवैद्य त्यालाच ‘पल्प’ म्हणतात. ही मज्जा दाताच्या मुळांतील अरुंद नळ्यांतून खाली जाते आणि मुळाच्या टोकाशी असलेल्या छिद्रातून जबड्यातील रक्तवाहिन्यांशी जोडलेली असते.

दात जबड्यात उभा राहतो तो हिरडी, जबड्याचे हाड, मुळावरचा सिमेंटचा पातळ थर आणि मूळ व हाड यांना बांधून ठेवणारे सूक्ष्म तंतू या चौघांच्या आधारावर. हे तंतू एखाद्या झोळीप्रमाणे दाताला हाडाच्या खोबणीत तोलून धरतात आणि चावण्याचा धक्का झेलतात.

मज्जेचा आजार बहुधा किडीने सुरू होतो. कीड इनॅमल व डेन्टिन भेदून मज्जेपर्यंत पोचली की तीव्र ठणका लागतो. पुढे मज्जा मरते, ठणका थांबतो आणि दाढ आपोआप बरी झाली असा समज होतो. प्रत्यक्षात जंतू मुळाच्या टोकातून हाडात उतरत असतात. हिरडीचा आजार याच्या उलट दिशेने जातो. दात व हिरडी यांच्या सांध्यात साचलेला जंतूंचा थर आणि त्यावर घट्ट झालेले किटण यांमुळे प्रथम हिरडी सुजते, तिच्यातून रक्त येते; मग ती दातापासून सुटते आणि तेथे कप्पा तयार होतो. पुढे हाड झिजते आणि दात हलू लागतो. यालाच लोक ‘पायोरिया’ म्हणतात. तो फारसा दुखत नाही, आणि म्हणूनच अनेक वर्षे दुर्लक्षित राहतो.

प्राचीन आयुर्वेदाने हा भेद ओळखला होता. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील सोळाव्या अध्यायात मुखरोगांचे वर्णन आहे. त्यात दंतमूलाचे, म्हणजे हिरडी व दाताच्या मुळाशी संबंधित असलेले, पंधरा रोग आणि प्रत्यक्ष दाताचे आठ रोग अशा दोन याद्या स्वतंत्र दिलेल्या आहेत. किडलेल्या दाताचा ‘कृमिदंतक’ दातांच्या यादीत येतो, तर हिरडीत मार्ग करून वाहणाऱ्या नाडीव्रणांची गणना दंतमूलाच्या यादीत होते. आपल्या उदाहरणातील पुटकुळी अशाच नाडीव्रणाचे मुख असते. आधुनिक दंतवैद्यकाने यात महत्त्वाची भर घातली ती अशी, की या दोन याद्यांमधील रोग एकमेकांच्या हद्दीत शिरू शकतात.

दोन आजारांना जोडणाऱ्या वाटा

मज्जा आणि दाताभोवतीच्या पेशी यांच्यात काही नैसर्गिक वाटा असतात. मुळाच्या टोकाचे छिद्र ही त्यांतील सर्वांत मोठी वाट. त्याशिवाय मुळाच्या बाजूला फुटणाऱ्या बारीक उपनलिका असतात. दाढेची मुळे जेथे एकमेकांपासून विलग होतात त्या दुबेळक्यातही अशा उपनलिका आढळतात. मुळावरचे सिमेंट झिजले किंवा खरवडले गेले, तर डेन्टिनमधील सूक्ष्म नलिकाही उघड्या पडतात.

काही वाटा नैसर्गिक नसतात. सुपारी किंवा कठीण पदार्थ फोडताना दाताला गेलेली चीर, मुळाला पडलेली उभी भेग, अथवा आधीच्या उपचारात नकळत पडलेले छिद्र यांतूनही जंतूंना आतबाहेर जाता येते.

या वाटांवरची वाहतूक मात्र दोन्ही दिशांना सारख्याच प्रमाणात होत नाही, ही गोष्ट रुग्णाने आवर्जून ध्यानात घ्यावी. मेलेल्या मज्जेतील जंतू व त्यांची विषारी द्रव्ये बाहेर पडून आधाराच्या पेशींचा नाश सहज करू शकतात. त्या मानाने हिरडीच्या आजारामुळे मज्जा मरण्याचे प्रमाण कमी असते. मुळाच्या टोकातून येणारा रक्तपुरवठा शाबूत असेपर्यंत मज्जा बरेच सोसते. हिरडीचा आजार थेट टोकापर्यंत पोचला म्हणजे मात्र तिचा निभाव लागणे कठीण होते. म्हणूनच दात हलतो एवढ्यावरून त्याचे रूट कॅनल करणे जसे योग्य नाही, तसेच हिरडीतून पू येतो एवढ्यावरून केवळ हिरडीवर उपचार करीत राहणेही योग्य नाही.

मूळ आजार कसा ओळखतात?

दोन्ही आजारांत सूज येते, पू येतो, चावताना दुखते आणि क्ष-किरण चित्रात हाड झिजलेले दिसते. त्यामुळे केवळ पाहून किंवा एका चित्रावरून निष्कर्ष काढणे धोक्याचे असते. चांगला दंतवैद्य पुढील तपासण्या करून त्यांची नोंद ठेवतो.

पहिली तपासणी मज्जा जिवंत आहे की नाही याची. अतिशय थंड केलेला कापसाचा बोळा दाताला क्षणभर लावतात. निरोगी मज्जेला थंडी जाणवते आणि बोळा काढताच ती जाणीव लगेच ओसरते. ठणका बराच वेळ टिकला तर मज्जा आजारी असण्याचा संभव असतो. काहीच जाणवले नाही, तर ती मेली असावी असे मानण्यास आधार मिळतो. तुलनेसाठी शेजारचे व पलीकडच्या बाजूचे दातही तपासतात. काही वेळा सौम्य विद्युतप्रवाहाचे उपकरण वापरतात.

दुसरी तपासणी कप्प्याच्या खोलीची. मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक सळई हिरडीच्या कडेने हलकेच आत घालून प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी खोली मोजतात. सर्वसाधारणपणे ३ मिलिमीटरपर्यंतची खोली निरोगी समजली जाते. येथे नुसत्या आकड्याइतकाच कप्प्याचा आकारही बोलका असतो. तोंडातील इतर हिरड्या निरोगी असून एकाच दाताला एकाच जागी अरुंद पण खोल कप्पा असेल, तर पू मज्जेकडून आला असण्याचा किंवा मुळाला भेग असण्याचा संशय येतो. अनेक दातांभोवती रुंद कप्पे असतील, तर मूळ आजार हिरडीचा असण्याचा संभव अधिक.

तिसरी तपासणी क्ष-किरण चित्राची. पुटकुळीच्या तोंडातून गटापर्चाची मऊ, बारीक काडी आत सरकवून चित्र काढले, तर पू नेमका कोठून येतो हे कळते. कारण ही काडी चित्रात स्पष्ट उमटते. गुंतागुंतीच्या प्रसंगी त्रिमितीय चित्रही घेतात. याखेरीज दातावर हलका ठोका मारून पाहणे, तो किती हलतो हे पाहणे आणि भिंगातून किंवा रंगद्रव्य लावून चीर शोधणे या तपासण्या असतातच.

आजाराचे प्रकार

१९७२ मध्ये सायमन, ग्लिक आणि फ्रँक या तीन अमेरिकी दंततज्ज्ञांनी अशा आजारांची पाच प्रकारांत विभागणी केली. मूळ मज्जेचा आजार. मूळ मज्जेचा, नंतर हिरडीचीही बाधा. मूळ हिरडीचा आजार. मूळ हिरडीचा, नंतर मज्जेचीही बाधा. आणि दोन्ही स्वतंत्रपणे सुरू होऊन एकत्र मिळालेला खरा संयुक्त आजार, असे ते पाच प्रकार. ही विभागणी समजण्यास सोपी असल्याने आजही शिकविली जाते.

तथापि रुग्ण दंतवैद्याकडे येतो तेव्हा आधी काय झाले हे नेहमीच कळतेच असे नाही. म्हणून अमेरिका व युरोप येथील हिरडीतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१७ मध्ये एकत्र येऊन तयार केलेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नव्या वर्गीकरणात भर इतिहासावर न देता आजच्या स्थितीवर दिला आहे. मुळाला भेग, छिद्र अथवा तत्सम इजा आहे का. नसल्यास रुग्णाच्या इतर दातांनाही हिरडीचा आजार आहे का. आणि कप्पा अरुंद आहे, रुंद आहे की दाताच्या एकाहून अधिक बाजूंना आहे, हे प्रश्न त्यात विचारले जातात. दात वाचण्याची आशा किती, याचा अंदाज या उत्तरांवरून बांधता येतो.

उपचारांचा क्रम

आजार केवळ मज्जेचा असेल, तर रूट कॅनल उपचार पुरेसा ठरतो. मेलेली मज्जा काढून मुळातील नळ्या बारीक हत्यारांनी साफ करतात, सोडियम हायपोक्लोराइटसारख्या जंतुनाशक द्रावणाने वारंवार धुतात, गरजेनुसार काही दिवस आत कॅल्शियम हायड्रॉक्साइडचे औषध ठेवतात आणि शेवटी गटापर्चाने नळ्या घट्ट भरतात. गटापर्चा हा मलाया द्वीपसमूहाकडील एका झाडाच्या चिकापासून मिळणारा पदार्थ आहे. अशा दाताजवळचा अरुंद, खोल कप्पा पुष्कळदा हिरडीला हात न लावता आपोआप भरून येतो, कारण तो पूवाहू मार्ग असतो. मूळ बंद झाले की मार्गही बंद होतो.

आजार केवळ हिरडीचा आणि मज्जा जिवंत असेल, तर रूट कॅनलची आवश्यकता नसते. किटण काढणे, मुळांचा पृष्ठभाग स्वच्छ करणे, गरज भासल्यास हिरडीची शस्त्रक्रिया आणि त्यानंतर ठरावीक काळाने नियमित सफाई हाच त्यावरील मार्ग होय.

दोन्ही आजार असतील, तर उपचार दोन्हींवर करावे लागतात. पण ते ठरावीक क्रमाने. सामान्यतः रूट कॅनल आधी केले जाते. त्याच सुमारास सर्व तोंडाची प्राथमिक सफाई होते व रुग्णाला दात घासण्याची योग्य रीत शिकविली जाते. त्या दाताच्या मुळावर खोलवर खरवडण्याचे काम मात्र सहसा लांबणीवर टाकतात.

याची कारणे दोन. आतून जंतूंचा पुरवठा चालू असेल, तर बाहेरची सफाई टिकत नाही. आणि मज्जेतून आलेल्या पूमुळे ज्या भागातील तंतू केवळ दुखावलेले असतात, तेथे शरीर स्वतःहून ते पुन्हा जोडू शकते. घाईने मूळ खरवडले, तर भरून येऊ शकणारा तो भागही कायमचा गमावला जातो.

रूट कॅनलनंतर साधारणतः दोन ते तीन महिने थांबून कप्प्याची खोली पुन्हा मोजतात. जेवढा भाग भरून आला तो मज्जेच्या आजाराचा. जो उरला तो हिरडीच्या आजाराचा. जमाखर्चाचा हा ताळेबंद आधीची नोंद असल्याखेरीज मांडताच येत नाही. मग उरलेल्या भागावर हिरडीची शस्त्रक्रिया, काही प्रसंगी हाड पुन्हा वाढावे म्हणून विशेष पडदा अथवा हाडाचा चुरा बसविणे, असे उपाय केले जातात.

आपल्या उदाहरणातील गृहस्थांच्या दाढेला थंडी अजिबात जाणवली नाही, एका बाजूला कप्पा ९ मिलिमीटर व इतरत्र ५ ते ६ मिलिमीटर भरला आणि इतर दातांनाही कप्पे आढळले, असे मानू. याचा अर्थ मज्जा मेलेली आहे आणि हिरडीचाही आजार आहे. रूट कॅनल झाले. पुटकुळी नाहीशी झाली. तीन महिन्यांनी ९ चे ६ झाले. येथे ‘‘आता दुखत नाही, मग पुन्हा कशाला जायचे?’’ असा विचार करून अनेक रुग्ण दंतवैद्याकडे जाणे थांबवितात आणि त्यामुळे पुढे दात गमावतात. कारण मज्जेचा आजार बरा होण्याची खात्री बरीच देता येते. दाताचे अंतिम भवितव्य मात्र हिरडी आणि हाड किती शिल्लक आहे यावरच ठरते. उरलेले ६ मिलिमीटर ही अर्धी बाकी असलेली लढाई आहे.

दात केव्हा वाचत नाही?

मुळाला उभी भेग गेली असेल, तर दात वाचविणे बहुधा शक्य होत नाही. दाताभोवतीचे हाड जवळजवळ संपले असेल आणि दात खोबणीत वरखालीही हलत असेल, तर तो काढणे हेच हिताचे. दोन-तीन मुळांच्या दाढेचे एकच मूळ बाधित असेल, तर तेवढे मूळ, अथवा खालच्या दाढेचा अर्धा भाग काढून उरलेला भाग वापरात ठेवता येतो. मात्र त्यासाठी उरलेल्या मुळांचा आधार मजबूत असावा लागतो.

दात काढल्यावर कवळी, शेजारच्या दातांच्या आधारे बसविलेला ब्रिज, किंवा हाडात बसविलेले इम्प्लांट हे पर्याय उपलब्ध असतात. तथापि हिरडीचा आजार आटोक्यात आणल्याशिवाय इम्प्लांट बसविणे योग्य नव्हे. ज्या जंतूंनी दात घालविला, ते इम्प्लांटभोवतीचे हाडही झिजवू शकतात.

गोळ्या, मधुमेह आणि विडा

प्रतिजैविक गोळ्यांनी हा आजार बरा होत नाही. औषध रक्तातून पोचते. मेलेल्या मज्जेत रक्ताभिसरणच उरलेले नसते. म्हणून गोळ्यांनी सूज तात्पुरती ओसरते, पण जंतूंचे आश्रयस्थान कायम राहते. दुकानातून स्वतःहून घेतलेल्या गोळ्यांनी लक्षणे दबतात आणि निदानास उशीर होतो. मात्र सूज जबड्याखाली वा गळ्याकडे पसरू लागली, ताप आला, तोंड उघडणे, गिळणे किंवा श्वास घेणे कठीण झाले, तर ती आणीबाणी समजून विनाविलंब मोठ्या रुग्णालयात जावे.

मधुमेह आणि हिरडीचा आजार यांचे नाते दुहेरी आहे. साखर अनियंत्रित असेल तर हिरडीचा आजार वेगाने वाढतो व जखमा उशिरा भरतात. उलटपक्षी हिरडीच्या जुनाट आजारामुळे साखर आटोक्यात ठेवणे अवघड होते. मधुमेही रुग्णाने आपल्या तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अहवाल दंतवैद्याला अवश्य दाखवावा. रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास तेही सांगावे. ती औषधे मनाने बंद करू नयेत.

कावेरीच्या खोऱ्यात, विशेषतः कुंभकोणमच्या परिसरात, विड्याच्या पानांची लागवड मोठी आहे. जेवणानंतरचा विडा हा तेथील, तसाच महाराष्ट्रातीलही, पाहुणचाराचा भाग आहे. तथापि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सुपारीलाही कर्करोगकारक ठरविले आहे. तंबाखू घातलेला विडा तर दुप्पट घातक. धूम्रपानाची आणखी एक फसवी बाजू अशी, की त्याने हिरड्यांतून रक्त येणे कमी होते आणि आजार आतल्या आत वाढत असूनही हिरड्या ठीक असल्याचा भास होतो.

खर्च आणि कागदपत्रे

या उपचाराला अनेक भेटी लागतात आणि कधी रूट कॅनलचे तज्ज्ञ व हिरड्यांचे तज्ज्ञ अशा दोघांची गरज भासते. म्हणून सुरुवातीसच सर्व टप्प्यांचा लेखी अंदाज मागावा आणि दात वाचण्याची शक्यता किती, हे स्पष्ट विचारावे. ‘‘रूट कॅनल केल्यावरही ही दाढ हिरडीमुळे जाऊ शकते का?’’ हा प्रश्न विचारण्यास संकोच बाळगू नये. खर्च झेपणे कठीण असल्यास शासकीय दंत महाविद्यालयांत दोन्ही विभागांचे तज्ज्ञ एकाच छताखाली मिळतात. तमिळनाडूत चेन्नई येथे, तर महाराष्ट्रात मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे अशी महाविद्यालये आहेत.

आरोग्यविम्याच्या अनेक पॉलिसींमध्ये अपघाताव्यतिरिक्तचे दंतोपचार समाविष्ट नसतात. त्यामुळे पॉलिसीतील अटी आधी वाचाव्यात आणि पावत्या जपून ठेवाव्यात. क्ष-किरण चित्रे व कप्प्यांच्या मोजमापाचा तक्ता यांच्या प्रती मागून घ्याव्यात. बदलीनिमित्त गावोगाव जाणाऱ्या बँक कर्मचाऱ्यांना तर हे विशेष उपयोगाचे आहे. सोलापुरात सुरू झालेला उपचार तंजावरात पूर्ण करावयाचा, तर नव्या दंतवैद्याला तीन महिन्यांपूर्वीचा आकडा हाती मिळाला पाहिजे. तेथे भाषेची अडचण आली तरी, दात म्हणजे ‘पल्’ आणि हिरडी म्हणजे ‘ईरु’ हे दोन तमिळ शब्द ठाऊक असल्यास, दुखते ते नेमके काय हे सांगता येते.

लक्षात ठेवावे असे

हिरडीतून रक्त येणे हे नेहमीचे म्हणून सोडून देऊ नये. ठणका आपोआप थांबला म्हणजे दात बरा झाला असे समजू नये. दात काढण्यापूर्वी किंवा रूट कॅनल करण्यापूर्वी मज्जेची परीक्षा, कप्प्याचे मोजमाप आणि क्ष-किरण चित्र या तिन्ही गोष्टी झाल्या आहेत, याची खात्री करून घ्यावी. उपचारानंतर दोन-तीन महिन्यांची फेरतपासणी चुकवू नये. सकाळ-संध्याकाळ दात घासणे आणि दोन दातांमधील फटी दोरा अथवा बारीक ब्रशने स्वच्छ ठेवणे, हे तर आयुष्यभराचे काम.

सरफोजीराजांच्या काळातील नेत्ररुग्णांच्या नोंदी सुमारे दोनशे वर्षांनंतरही वाचता येतात, कारण त्या वेळच्या वेळी लिहून ठेवल्या गेल्या. आपल्या दाढेची नोंद तेवढी टिकण्याची गरज नाही. पुढच्या तपासणीपर्यंत ती हाताशी असली आणि त्या तपासणीला रुग्ण वेळेवर हजर राहिला, तर पुष्कळ दाढा वाचतील.